सशांची पंगत

भैय्याजी बोरकुट्यांबद्दल सांगायचं तर आधी पंगतीबद्दल सांगावं लागेल, आणि पंगतीबद्दल ऐकून घेणारी माणसं नागपुरात आता फार उरली नाहीत. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात फोन आणि नूडल्सच्या टेबलाशी धक्काबुक्की, याला जेवण म्हणणाऱ्यांना पंगत काय कप्पाळ कळणार? पण ते राहू द्या. माझा राग बुफेवर आहे, तुमच्यावर नाही.

भैय्याजी वाढपी होते. मूळचे खाप्याचे. तरुणपणी नागपुरात आले आणि महालातल्या एका आचाऱ्याच्या हाताखाली लागले. भट्टीजवळ त्यांचं मन रमेना. पण बुंदीचं घमेलं कमरेला लावून पंगतीत उतरले की नुसतं पाहत राहावं. नवरदेवाच्या मामाला जेवढी बुंदी, तेवढीच बँडवाल्याला. यजमान कानाशी येऊन पुटपुटायचा की ते कोपऱ्यातले साहेब आहेत, जरा हात सैल सोडा. भैय्याजी मान डोलवायचे आणि साहेबांनाही सगळ्यांइतकीच वाढायचे. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि शेजारच्याला डावलायचं, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. भैय्याजींच्या लेखी त्याहून मोठं पाप नव्हतं.

त्याला कारण होतं. लहानपणी एका लग्नात त्यांनी मांडवाबाहेर, कुंपणालगत बसवलेली वेगळी पंगत पाहिली होती. तिथं कोणाला बसवलं आणि का बसवलं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. गावात ते सांगावं लागत नसे. त्या पंगतीपर्यंत घमेलं पोहोचेस्तोवर बुंदी संपली. एक म्हातारा आपल्या रिकाम्या पत्रावळीवरून उगाच हात फिरवत बसला होता, धूळ झटकत असल्यासारखा. तो हात भैय्याजी कधी विसरले नाहीत. पुढं स्वतः वाढायला लागल्यावर त्यांनी एक रीत धरली. सगळं आटोपलं की मांडवाच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं विचारायचं, "कोणी राह्यलं का जी?" जो राहिला असेल त्याला आधी वाढायचं. कोणीच हात वर केला नाही, की मग भाताच्या गंजाच्या, त्या मोठ्या पातेल्याच्या, आडोशाला बसून आपले दोन घास खायचे.

मग पंगती गेल्या, आणि पाठोपाठ भैय्याजींचे गुडघेही गेले. ओळखीच्या एकानं मिहानकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेत त्यांना चिकटवून दिलं. काम काय, तर ससे सांभाळायचे. पिंजरे धुवायचे, चारा-पाणी बघायचं, डॉक्टरांना ससा उचलून द्यायचा. बायजाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, ऐकून पदरात तोंड लपवून हसल्या. "जनमभर माणसायले वाढलं, आता सश्यायले वाढा," म्हणाल्या. सशांच्या खोलीत एसी आहे असं भैय्याजींनी सांगितलं तेव्हा मात्र बाईंचं हसू मावळलं, कारण त्यांच्या घरच्या कूलरची मोटर नुकतीच जळली होती.

ससे भैय्याजींच्या हातात गप बसत. यात जादूबिदू काही नाही. ससा घाबरला की मागच्या पायांनी अशी लाथ झाडतो, की कधीकधी स्वतःचाच कणा मोडून घेतो. गरम वरणाची बादली घेऊन पोराटोरांनी भरलेल्या पंगतीतून चालण्यात ज्याची उमर गेली, त्याला ससा न दचकवता नेणं अवघड नव्हतं. दुपारी सांबाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, काड्या सगळ्या पिंजऱ्यांत टाकून झाल्या की ते खोलीच्या मधोमध उभे राहत आणि जुन्या सवयीनं विचारत, कोणी राह्यलं का जी.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मेघा रंगारी पोट धरून हसली होती. मेघा उमरेडची, हातमागावर विणणाऱ्या घरातली मुलगी. संस्थेत पीएचडी करत होती आणि हे ससे तिच्याच प्रयोगाचे होते. दुपारचा डबा ती आणि भैय्याजी एकत्र खात. भैय्याजींना खोड होती प्रश्नांची. हे काय, ते काहून, यातून निघते काय? दुसरी कोणी असती तर वैतागली असती. मेघा सांगत बसायची, कारण ती काय करते हे इतक्या आस्थेनं तिला घरातही कोणी विचारलं नव्हतं.

एकदा तिनं चिमट्यात धरून एक तपकिरी तुकडा दाखवला. भुईमुगाच्या दाण्याएवढा, आणि अनारशाला असते तशी त्याला जाळी. अपघातात हाडाचा तुकडाच उडाला, किंवा रोगामुळं काढून टाकावा लागला, तर मधली मोठी फट आपोआप भरत नाही. अशा फटीत ही जाळी बसवायची. हाडाच्या पेशी तिच्या भोकांत शिरतात, तिथं बस्तान बांधतात, नवं हाड घडवत जातात. आणि हाड तयार होता होता जाळी हळूहळू विरघळून जाते. ती काढायला पुन्हा चिरफाड नको.

"मांडवच म्हण ना," भैय्याजी म्हणाले. "लगन लागेपर्यंत उभा, मंग उतरला."

बायजाबाई न्हाणीत घसरून पडल्या तेव्हापासून त्यांच्या हाताच्या मोडलेल्या हाडावर धातूची पट्टी होती. थंडीत ती ठणकायची, आणि ती काढायची म्हणजे पुन्हा ऑपरेशन. भैय्याजी त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि आपल्या बुढीला हे मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मेघानं खोटी आशा दाखवली नाही. आधी ससे, मग मोठी जनावरं, मग कुठं माणसं. त्यात वर्षं जातील. भैय्याजी म्हणाले, चालते, कोणाच्या तरी बुढीले भेटन.

मेघाच्या जाळीत आणखी एक गोम होती. तिच्यात लोखंडाची, डोळ्यांना दिसू नये इतकी बारीक पूड मिसळलेली होती. बाहेरून चुंबक धरलं की जाळी आतल्या आत जराशी ताणली जाते आणि तिच्यावर बसलेल्या पेशी जोमानं कामाला लागतात, असं मेघाचं म्हणणं. म्हणणं, बरं का. तेच सिद्ध व्हायचं होतं, आणि त्याच एका गोष्टीवर तिची इतक्या वर्षांची मेहनत टांगलेली होती.

डॉक्टरांनी सगळ्या सशांच्या पुढच्या पायाच्या हाडात छोटी फट पाडून तिथं जाळी बसवली, सगळ्यांना एकसारखी. मग दोन रांगा केल्या. लाल पट्टीच्या पिंजऱ्यांतले ससे रोज सकाळी थोडा वेळ लाल डब्यात बसवायचे, निळ्या पट्टीचे निळ्या डब्यात. डबे दिसायला जुळे भाऊ. कोणत्या डब्यात काय आहे ते मेघानं सांगितलं नाही. सशांना हाताळणाऱ्याला ते कळता कामा नये, नाहीतर नकळत एका रांगेचे लाड होतात, असा तिच्या सरांचा नियम होता. नियम चांगला होता, पण भैय्याजींसारखा चौकस माणूस काही सरांनी तोवर पाहिला नव्हता.

एके दिवशी लाल डबा पुसताना भैय्याजींच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खाडकन डब्याला चिकटला. त्यांना गंमत वाटली. जुडगा ओढून काढला आणि निळ्या डब्याला लावून पाहिला, तर तो घसरून फरशीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. भैय्याजी तिथंच उकिडवे बसले. निळ्या डब्यात चुंबक नव्हतंच. निळ्या रांगेतले ससे रोज पानावर बसत होते आणि काहीच न वाढता त्यांना उठवलं जात होतं.

आता तुम्ही म्हणाल, मेघाला जाऊन विचारायचं. पण वाढप्याची जात वेगळी असते. लग्नात बुंदी कमी पडली तर चांगला वाढपी यजमानाकडे जाऊन ओरडत नाही. चार लोकांत त्याची लाज जाते. तो आपला हात आवळतो, आहे त्यात सगळ्यांचं भागवतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. भैय्याजींनी मनाशी ठरवून टाकलं की माल कमी पडला असणार. चुंबकं दुसऱ्या डब्यापुरती मिळाली नसतील, आणि पोरगी बिचारी कोणाला सांगणार? मेघा जेवण झालं की वरच्या मजल्यावर मशीनवर काम करायला जायची. ती गेली की भैय्याजी निळ्या रांगेतले ससे एकेक करून लाल डब्यात बसवू लागले, लाल रांगेला मिळतो तेवढाच वेळ. मग मधोमध उभे राहून विचारत, कोणी राह्यलं का जी. असं रोज चाललं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत भैय्याजी फार सुखात होते.

एक्स-रे निघाले. भैय्याजींनी मेघाच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. लाल काय नि निळी काय, दोन्ही रांगांतल्या सशांच्या हाडांतली काळी फट पांढरी झाली होती. दुसऱ्या दिवशी ते संत्रा बर्फी घेऊनच कामावर आले. पाहतात तर मेघा टेबलावर डोकं टेकून रडत होती.

"काहून रडून राह्यली वं पोरी? सगळ्यायची हाडं तं भरली."

"म्हणूनच," मेघा म्हणाली.

मग तिनं डोळे पुसून सगळं सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. निळा डबा मुद्दाम रिकामा ठेवला होता. लाल रांगेचं हाड भरून निळी रांग मागं राहिली असती, तर छातीवर हात ठेवून म्हणता आलं असतं की ही करामत चुंबकाची. दोन्ही सारख्याच भरल्या, म्हणजे चुंबकानं काही केलं नाही. सरांनी सांगितलं होतं, जे दिसलं ते लिही आणि हा विषय बंद कर. ते वाचून उद्या दुसरंही कोणी या वाटेला जाणार नव्हतं.

बर्फीचा पुडा भैय्याजींच्या हातात तसाच राहिला.

घरी ते जेवले नाहीत. बायजाबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. आपण बोललो नाही तर पोरीच्या हातून खोटं लिहिलं जाईल, आणि बोललो तर ती आपलं तोंड पाहणार नाही. नोकरीची त्यांना एवढी भीती नव्हती. लेकीसारख्या पोरीच्या पानात आपण माती कालवली, याची लाज त्यांना खात होती. बायजाबाईंनी समजूत वगैरे काढली नाही. म्हणाल्या, "वाढण्यात चुकलं असन तं पंगत उठायच्या आंधी सांगा. उठल्यावर सांगून काय फायदा?"

सकाळी मेघा येताच भैय्याजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मीच वाढलं त्यायले," म्हणाले. "तू वर गेली का निळ्या रांगेले लाल डब्यात बसवत होतो. रोज."

मेघाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "काहून?"

भैय्याजींनी खाप्याचं लग्न सांगितलं, कुंपणालगतची पंगत सांगितली, म्हाताऱ्याचा हात सांगितला. आपल्याच्यानं पंक्तिप्रपंच होत नाही, असं खाली मान घालून सांगितलं. मेघा ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि दुसरंही काही होतं.

"माझा आजा दीक्षा घ्यायच्या आधी अशाच पंगतीत बसत होता, भैय्याजी," ती म्हणाली. "त्याचं पान रिकामं ठेवून कोणाले काही शिकायचं नव्हतं. नुसतं रिकामं ठेवायचं होतं. माझ्या पंगतीत एक रांग रिकामी ठेवल्याशिवाय काही कळतच नाही. तुम्ही मले दिवसभर सतराशे साठ प्रश्न विचारता. हाच एक नाही विचारला."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर भैय्याजींना बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून ती डबा घेऊन वरच्या मजल्यावर जाऊ लागली.

सर भडकले. या माणसाला आधी बाहेर काढा, म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. सगळं मुसळ केरात गेलं होतं. पुन्हा ससे हवे होते, जनावरांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची पुन्हा परवानगी हवी होती, मेघाला मुदत वाढवून हवी होती. पहिल्या सशांना इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं गेलं, कारण हाड आतून कसं झालं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. त्या दिवशी भैय्याजींनी सुटी घेतली. आपल्याला आता पुन्हा बोलावणार नाहीत, असंच ते धरून चालले होते.

पण मेघानं सरांना सांगितलं की माणूस हाच राहील. नवे ससे आल्यावर दुसऱ्याला लावून पाहिलं होतं, तर ते लाथा झाडत सुटले होते. ऐन प्रयोगात एखाद्याचा पाय मोडला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एक्स-रे वाचायला मात्र या वेळी बाहेरचा माणूस येईल आणि त्याला रांगा माहीत नसतील, असं ठरलं. भैय्याजींना ती इतकंच म्हणाली, "डब्यात काय आहे ते आता तुम्हाले माहीत आहे. तरी हात आवरायचा. जमन का?"

"जमवतो," भैय्याजी म्हणाले.

जमवणं सोपं नव्हतं. ज्या माणसानं साहेबालाही कधी एक दाणा जास्त वाढला नाही, त्याला आता रोज सकाळी आपल्या हातानं पंक्तिप्रपंच करायचा होता. निळ्या रांगेतला ससा उचलायचा, रिकाम्या डब्यात बसवायचा, वेळ होईपर्यंत बाजूला उभं राहायचं आणि काही न देता परत आणायचा. त्यातला एक कानफाट्या होता, डावा कान चिरलेला, भैय्याजींच्या बाहीत तोंड खुपसून बसणारा. एका दुपारी तर ते त्याला उचलून लाल डब्यापर्यंत घेऊन गेले. झाकणावर हात ठेवला. मग त्याला परत त्याच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

दुपारी मधोमध उभं राहून विचारणं त्यांनी बंद केलं. कोण राहिलं ते ठाऊक असताना विचारायचं कोणत्या तोंडानं? डबा ते एकटे खात. पण एक नवल घडत होतं. पहिल्या खेपेला त्यांना सगळ्यांचं पोट भरल्याचं समाधान होतं, त्यामुळं पुढं काय होईल याची हुरहुर कधी लागलीच नाही. आता मात्र ती लागली. खरंच फरक पडत असेल का? एवढ्याशा चुंबकानं, दिसतही नाही अशा पुडीनं, हाडाला जाग येत असेल? भैय्याजी सशांच्या पायांकडे बघत बसत, जणू कातडीच्या आतलं दिसेल. घरी बायजाबाईंच्या हातावरून हात फिरवत आणि त्या विचारत की आज काय झालं तुम्हाले.

एका सकाळी मेघा जिन्यावरूनच म्हणाली, "भैय्याजी, वर या." कित्येक दिवसांत तिनं त्यांना असं बोलावलं नव्हतं.

पडद्यावर दोन रांगा होत्या. वरच्या रांगेत फटी भरत आल्या होत्या. खालच्या रांगेत हाड दोन्ही टोकांकडून थोडं थोडं पुढं सरकलं होतं, पण मधे काळंच होतं. बाहेरच्या माणसानं रांगा माहीत नसताना नेमके हेच दोन ढीग वेगळे काढले होते. मेघाचा चेहरा असा फुलला होता, की भैय्याजींना तिचं पहिलं हसू आठवलं.

"फरक आहे," ती म्हणाली.

"हाये," भैय्याजी म्हणाले. त्यांना फार आनंद झाला होता. मग त्यांनी खालच्या रांगेत कानफाट्याचा कोणता ते विचारलं. मेघानं दाखवला. ती काळी फट ते खूप वेळ बघत राहिले, आणि मेघानं पडद्यावरचं चित्र बदललं नाही.

शेवटच्या दिवशी भैय्याजींनी सुटी घेतली नाही. सांबाराच्या ताज्या जुड्या घेऊन ते लवकर आले आणि निळ्या रांगेपासून वाढायला सुरुवात केली. जे राहिले त्यांना आधी, ही रीत होती. मग लाल रांग. सगळ्यांचं खाऊन होईस्तोवर डॉक्टर दाराशी थांबून राहिले. त्यानंतर एकेक ससा भैय्याजींनीच उचलून दिला, आणि एकानंही लाथ झाडली नाही. कानफाट्याच्या वेळी डॉक्टरांना जरा थांबावं लागलं.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. भैय्याजींनी पिंजरे धुतले, फरशी पुसली. रिकाम्या पिंजऱ्यांची दारं उघडी होती. ते सवयीनं खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कोणी राह्यलं का जी?"

"राह्यले ना," मागून मेघा म्हणाली. "तुम्ही."

ती डबा घेऊन आली होती. तिनं फरशीवर पेपर अंथरला आणि डबा उघडला. एवढ्या वर्षांत, एवढ्या मांडवांत, वाढप्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. हात धुऊन, दुखरे गुडघे सांभाळत भैय्याजी खाली बसले, आणि मेघानं त्यांना आधी वाढलं.